वायव्येकडे बघणारे साईं

पहिल्यांदा ते आमच्या दारात आले तेव्हा आईला वाटलं, कुणीतरी गेल्याचा निरोप आहे. टोपी हातात, मान खाली, कोटाच्या बाह्या धुळीनं भरलेल्या. फाल्गुनातली टळटळीत दुपार होती आणि पिंपरीच्या निर्वासित कँपातून आमच्या चिंचवडच्या खोलीपर्यंत ते पायी आले होते. आईनं लगबगीनं पाणी दिलं. ते उभ्यानंच प्यायले आणि म्हणाले, "बाईंना सांगा, सकाळी मी बाज म्हणालो, तो बाज नव्हता. माफ करा." तांब्या परत देऊन आल्या वाटेनं निघून गेले.

मी दळण घेऊन परत आले तर आई दारातच उभी. तिनं विचारलं, आपण कुणाकडून बाज आणली होती का? आमच्या घरात दोन खाटा होत्या, दोन्ही साताऱ्याहून आणलेल्या. आई त्या दोन्हींकडे संशयानं बघत होती. मग मी तिला समजावलं, की हा बाज वेगळा, हा शिकारी पक्षी. सकाळच्या सुट्टीत शाळेवरून एक पाखरू गेलं, ते त्यांना बाज वाटलं होतं. आईनं विचारलं, मग होतं तरी काय? ते मलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारलं तर म्हणाले, घार असावी. त्याच संध्याकाळी ते पुन्हा दारात. घार असंही खात्रीनं म्हणता येणार नाही, एवढाच निरोप.

त्यांना सगळे साईं म्हणत. ते काही त्यांचं नाव नव्हे. सिंधी माणसं आदरानं एकमेकांना तसं म्हणतात. आधी कँपातले लोक म्हणायचे, मग शाळेतली मुलं म्हणायला लागली, मग आम्हीही.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना पिंपरीच्या बराकींत जागा दिली होती आणि त्यातल्याच एका बराकीत आमची शाळा भरायची. वर पत्रे, मध्ये तट्ट्याचा आडोसा. अलीकडे माझा मराठीचा वर्ग, पलीकडे त्यांचा भूगोलाचा. मुलं सगळी मिसळलेली. काही कँपातली, काही गावातली, काही नव्यानं उभ्या राहिलेल्या औषधांच्या कारखान्यात लागलेल्या लोकांची. माझा थोरला भाऊही त्याच कारखान्यात होता, म्हणून तर आम्ही सातारा सोडून इकडे आलो होतो. त्या पन्नासच्या दशकात पिंपरीत कुणाला तू कुठला असं विचारलं, तर उत्तराला बराच वेळ लागायचा.

साईंच्या भूगोलात दिशा आठ असल्या तरी मुलांना पक्की येई ती एकच, वायव्य. कारण उन्हाळा तोंडावर आला की पाखरं वायव्येला जातात, आणि त्या दिवसांत साईंचा तास म्हणजे निम्मा खिडकीत. पळस फुलला की त्यावर भोरड्यांचे थवे उतरत. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची, मैनेएवढी पाखरं. एवढा कलकलाट की तट्ट्याच्या अलीकडे माझी कविता बंद पडायची. गावातली मुलं सांगायची, ह्या भोरड्या ज्वारीचा फडशा पाडतात, आमचे आजोबा त्यांना शिव्या देतात. साईं ते मन लावून ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, कोणत्या शिव्या?

एका वर्षी चौथीच्या परीक्षेत त्यांनी प्रश्न घातला. भोरडी हिवाळा आपल्याकडे काढते, उन्हाळ्यात दूर वायव्येकडे जाते, अंडी तिकडे घालते. तर भोरडी कुठली? कारण द्या. निम्म्या मुलांनी लिहिलं इथली, कारण खाते इथलं. निम्म्यांनी लिहिलं तिकडची, कारण जन्म तिकडचा. एकानं लिहिलं होतं, ती आमच्या पळसावरची. साईंनी सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले. हेडमास्तर चिडले. त्यांनी साईंना बोलावून विचारलं, की बरोबर उत्तर कोणतं ते तरी एकदा सांगा.

साईं म्हणाले, "मला माहीत असतं तर मी लहान मुलांना कशाला विचारलं असतं?"

ते असं बोलले की थट्टा आहे की खरं, काही कळायचं नाही. हेडमास्तरांनाही कळलं नाही. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

साईंच्या स्वतःबद्दलची माहितीही अशीच. तिकडे ते काय करत होते, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, मोठ्या तळ्यावर बदकांच्या शिकारीला साहेबलोक यायचे, त्यांची व्यवस्था बघायचो. पुढच्या महिन्यात म्हणाले, आमची धान्याची आडत होती. त्यानंतर कधीतरी म्हणाले, मास्तरच होतो. मी भाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला विचारलं. त्या बराकीबाहेर बाजेवर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी हसून तिन्हीला मान डोलावली. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी माझ्यापेक्षा थोडं कमी, आणि मला सिंधीचा एक शब्द येत नव्हता. आम्ही दोघी तरीही पुष्कळ बोलायचो. काय बोललो ते मात्र घरी येईपर्यंत अर्धंमुर्धंच हाताशी राहायचं.

सिंधमधून साईंबरोबर आली होती ती एक दुर्बीण. काळी, जड, चामड्याच्या पट्ट्याची. कराचीच्या धक्क्यावर ट्रंका राहिल्या आणि गळ्यात होती म्हणून ती तेवढी आली. ते ती कुणाच्याही हातात आनंदानं द्यायचे. मीही कितीदा तरी डोळ्यांना लावली. मला त्यातून दुधाळ धुकं दिसायचं आणि त्यात मधूनच काहीतरी काळं हलायचं. साईं विचारत, दिसलं? मी हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. मला वाटायचं माझेच डोळे कच्चे आहेत. भाऊ चष्मा लाव म्हणून मागे लागला होता, तो बहुधा खरं सांगत असावा.

भोरड्या शाळेतून दिसायच्या, पण साईंचा जीव अडकला होता कूंजेत. कूंज म्हणजे आपला करकोचा. करड्या रंगाचा, लांब मानेचा, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका. हिवाळ्यात हे करकोचे पवनेच्या काठच्या शेतांत उतरत आणि उन्हं तापली की आभाळात उंच चढून, रांग धरून निघून जात. ते बघायला साईं दर रविवारी रावेतला जायचे. रावेत तेव्हा नदीकाठचं लहानसं गाव होतं. गावाबाहेर एक उंचवटा होता, त्यावर बाभळीखाली त्यांची बैठक. भाभी बरोबर असायच्या, म्हणून आई मलाही जाऊ द्यायची. भाभी पाखरांकडे पाठ करून गहू निवडत बसायच्या. साईं वर बघायचे. मी दोघांकडे बघायची आणि आपण इथे नक्की कशाला आलो, असा विचार करायची.

त्या रविवारीही तसंच चाललं होतं. करकोचे खाली नदीकाठच्या हरभऱ्यात होते. मागास पेरलेला हरभरा, अजून काढायचा होता. त्याचा मालक, रावेतचाच एक पागोटंवाला म्हातारा, बांधावर उभा राहून गोफण फिरवत होता. दगड पडला की पाखरं उठायची, एक चक्कर मारून पुन्हा तिथंच बसायची. मग एकदा उठली ती बसलीच नाहीत. वर वर गेली. साईं उठून उभे राहिले, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पाखरांबरोबर हळूहळू वळत वळत वायव्येला तोंड करून थांबले.

वायव्येला देहूरोड होतं. तिथं लष्कराचा तळ आणि कोठारं. हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

थोड्याच वेळात धुरळा उडवत जीप आली. दोन जवान उतरले. त्यांनी साईंना काही विचारलं, साईंनी आभाळाकडे बोट केलं. आभाळात तोवर काही उरलं नव्हतं. मग त्यांनी दुर्बीण घेतली आणि आम्हा तिघांना जीपमध्ये बसायला सांगितलं. गोफणवाला म्हातारा तमाशा बघायला पुढे आला होता, त्यालाही घेतलं. तो हातातली गोफण लपवायला लागला. भाभींनी निवडलेले आणि न निवडलेले गहू एकाच फडक्यात बांधले. आईला कळलं तर काय, शाळेत कळलं तर काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. साईंकडे बघितलं तर ते जीपच्या मागच्या बाजूनं अजूनही वरच बघत होते.

एका कौलारू कचेरीत आम्हाला नेलं. तिथले साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला. ते दक्षिणेकडचे असावेत, हिंदी त्यांचंही बेताचंच. साईंचं हिंदी सिंधी वळणाचं, घाईत असले की निम्मे शब्द गिळलेले. त्यामुळे मधे मी पडले. कुणी सांगितलं नव्हतं, पण पडले.

साहेबांनी विचारलं, काय बघत होता? साईं म्हणाले, कूंज. साहेबांना कळेना. मी म्हटलं, करकोचा. मागून म्हातारा म्हणाला, करकुंचं. साहेबांनी तिन्ही शब्द मनाशी म्हणून बघितले. त्यांना वाटलं, ही तीन माणसांची नावं आहेत. तेव्हा मला एकदम इंग्रजी शब्द आठवला. साईंनीच कधीतरी सांगितलेला. आता सुटलो असं वाटून मी मोठ्यानं म्हटलं, "क्रेन, साहेब. ते क्रेन बघत होते."

साहेब खुर्चीत ताठ बसले. दारातले जवान एकमेकांकडे बघायला लागले. माझ्या मागच्या खिडकीतून, कोठारांच्या कुंपणापलीकडे, जड पेट्या उचलायची लोखंडी क्रेन उभी होती. ती मी तोवर पाहिलीच नव्हती.

साहेबांनी आवाज खाली आणून साईंना विचारलं, किती दिवसांपासून क्रेन बघताय? साईं म्हणाले, दर वर्षी, आल्यापासून. मग थांबून म्हणाले, माफ करा, दर वर्षी नाही, एका वर्षी मला ताप होता. रोज येता का? रोज. नाही, माफ करा, रविवारी. सगळ्या रविवारी? सगळ्या म्हणता येणार नाही. दर उत्तरानंतर ते आधीचं उत्तर दुरुस्त करत होते, आमच्या दारात येऊन करायचे तसंच, तितक्याच नम्रपणे. ज्याला ते माहीत नाही त्याला वाटणार, की हा माणूस पावलोपावली खोटं बोलतोय. मी सांगायला गेले, की साहेब, क्रेन म्हणजे ती नव्हे, उडणारी. त्यानं आणखीच घोटाळा झाला. म्हाताऱ्यानं हात पसरून करकोच्याची नक्कल केली तेव्हा कुठे साहेबांना उमगलं, की पक्ष्याबद्दल चाललंय. ते जरा सैल झाले. चहाचा कप साईंच्या पुढे सरकवून त्यांनी सहज विचारलं, "अच्छा, पंछी. कहाँ जाते हैं?"

साईंनी एक घोट घेतला. "पाकिस्तान," ते म्हणाले.

साईं पुढे सांगत होते, की आधी सिंध, मग त्याच्या पलीकडचे डोंगर, मग त्याहूनही पुढे, पण वाट मात्र आमच्या गावावरूनच. हे एकच उत्तर असं होतं, की ज्यावर त्यांनी दुरुस्ती केली नाही.

मग म्हातारा पुढे आला. त्यानं पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, "सायब, ह्यो माणूस कायबी करत न्हाई. आमी बगतोय की. बसतो, वर बगतो, आन जातो. पाखरं माझा हरबरा खात्यात, ती बी हाकलत न्हाई. असला माणूस कुणाचं काय वाईट करनार?" त्याच्या बोलण्यात आमची बाजू घेण्यापेक्षा तक्रारच जास्त होती. सारखं तेच उगाळत होता, की मदत केली असती तर बिघडलं असतं का.

साहेब उठले, दुर्बीण घेऊन खिडकीशी गेले आणि डोळ्यांना लावली. फिरवली, पुसली, पुन्हा लावली. बाहेर जाऊन कुंपणाकडे बघितलं, मग आभाळाकडे. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. ते मला म्हणाले, की यातून काहीच दिसत नाही. आतल्या काचांना बुरशी आहे. एका बाजूची तर पूर्ण गेलीय. याच्या जोरावर समोरची भिंतसुद्धा दिसायची नाही. त्यांनी दुर्बीण साईंच्या हातात दिली, पुन्हा त्या बाजूला तोंड करून बसू नका असं बजावलं, आणि जीपनं आम्हाला चिंचवडपर्यंत पोचतं केलं. म्हातारा रावेतला उतरताना हसत होता. मला मात्र सगळं संपल्यावर रडू फुटलं.

माझे डोळे चांगले होते, हे तेव्हा कळलं. पण मग साईंना इतकी वर्षं काय दिसत होतं? भोरड्या, बाज, घार, कूंज? मी त्यांना विचारायचं ठरवलं आणि विचारू शकले नाही, कारण त्या दिवसापासून साईं पाखरांबद्दल बोलेनासेच झाले. दुर्बीण गळ्यातून गेली. रावेतला जाणं बंद झालं, पण त्याला निदान साहेबांनी बजावल्याचं कारण होतं. शाळेच्या खिडकीतून बघायला तर कुणी मना केलं नव्हतं. ते वर्गात खिडकीकडे पाठ करून उभे राहू लागले आणि मुलांना नद्यांची खोरी शिकवू लागले. आमच्या दारात दुरुस्ती सांगायलाही कुणी येईना. आईला करमेना. ती म्हणायची, तुझे ते साईं बरे आहेत ना?

मी भाभींना गाठलं. त्या पापड लाटता लाटता बोलल्या आणि मी जमेल तेवढं समजून घेतलं. साईंचा एक थोरला भाऊ होता. निघायच्या वेळी दोन्ही कुटुंबं वेगवेगळ्या वाटांनी कराचीला जाणार होती. नाक्यावर कुणी ओळखीच्या माणसानं विचारलं, की दुसरे कुठल्या वाटेनं गेले, आणि त्याला सांगितलं गेलं. थोरला भाऊ, त्याची बायको, मुलं बोटीपर्यंत पोचलीच नाहीत. एवढं मला कळलं. पण सांगितलं कुणी? साईंनी सांगितलं, की साईंच्या देखत आणखी कुणी? आणि विचारणारा माणूस वाईट होता, की त्याच्यामागे उभा असलेला कुणी? भाभींच्या वाक्यात तो, हा, त्यानं, ह्यानं असे शब्द मिसळून गेले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी शब्द वापरून, आणि मला त्याहून कमी कळलं. तिसऱ्यांदा विचारायचा धीर झाला नाही. त्यांच्या हातातलं पीठ सुकत चाललं होतं.

साईं पुढे काही वर्षांनी मुंबईच्या बाजूला मुलाकडे राहायला गेले आणि आमचा संबंध सुटला. पण मला आठवतात ते त्या आधीचे, जीपच्या प्रसंगानंतरच्या वर्षीचे.

फाल्गुन सरत आला होता. मधली सुट्टी संपून वर्ग नुकते भरले होते. एकाएकी पत्र्यांवरून आवाज यायला लागला, कर्णा फुंकल्यासारखा, पण दुरून, तुटक तुटक. माझ्या वर्गातली मुलं मला न विचारता बाहेर पळाली, पलीकडची त्यांच्या मागे. हेडमास्तरही चष्मा सावरत बाहेर गेले. मी दारापर्यंत गेले आणि वळून बघितलं. तट्ट्याच्या पलीकडे साईं एकटेच टेबलाशी बसून होते. नकाशावर हात ठेवलेला, मान खाली.

मी आत गेले. म्हटलं, साईं, करकोचे चाललेत, शाळेवरून चाललेत. ते म्हणाले, माहीत आहे. आवाज ओळखीचा आहे.

"मग चला ना बाहेर."

त्यांनी मान हलवली. "कसं बघू बाई? त्यांनी विचारलं, कुठे जातात. आणि मी सांगून टाकलं. एक कप चहावर सगळी वाट सांगून टाकली."

मला हसावं की काय करावं कळेना. पाखरांची वाट ती काय, आणि तिचं कुणाला काय पडलंय, असं जिभेवर आलं होतं. पण मला भाभींच्या हातातलं सुकलेलं पीठ आठवलं. मग जे खरं होतं तेच बोलले. म्हटलं, "साईं, त्या साहेबांनी काहीच लिहून घेतलं नाही. मी समोरच बसले होते. त्यांच्या हातात पेन्सिलसुद्धा नव्हती."

त्यांनी वर बघितलं. "नाही लिहिलं?"

"एक अक्षरही नाही. पाकिस्तान म्हणालात तेव्हा ते तुमच्या कपाकडे बघत होते."

ते खुर्ची मागे सारून उठले आणि दारापर्यंत आले. उंबऱ्यावर थोडं थांबले आणि बाहेर पडले. मी त्यांच्या मागे. पण तोवर उशीर झाला होता. आवाज थांबला होता. पिंपरीच्या बराकींवर, कारखान्याच्या चिमणीवर, सगळीकडे नुसतं पांढरं ऊन. आभाळात एकही पाखरू नव्हतं.

मैदानात मुलं उभी होती, डोळ्यांवर हात धरून. साईंनी त्यांना विचारलं, कुठे गेली?

एकदम सगळ्यांचे हात वर झाले. एकानं नदीकडे दाखवलं, एकानं स्टेशनाकडे. दोघी बहिणींनी एकमेकींच्या विरुद्ध दाखवलं आणि लगेच भांडायला लागल्या. कुणी चाकणकडे, कुणी देहूकडे, आणि एक पोरगा सरळ डोक्यावर बोट करून उभा राहिला. हेडमास्तर ओरडले, की अरे वर्षभर भूगोल शिकता, एकालाही नीट दिशा सांगता येत नाही?

साईं एकेका हाताकडे बघत मुलांमधून फिरले. जो हात ज्या बाजूला होता त्या बाजूला त्यांनी मान वळवून नीट बघितलं. मग एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "शाबास. कुणी विचारलं तर असंच सांगायचं."